दगडोबा, मधला आणि लोणी

वरची आंबेखोल हे गाव घाटाच्या माथ्यावर आणि शाळा घाटाच्या पायथ्याशी. मधे दहा किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता. गाड्या विजेवर चालायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि खालच्या सपाट मुलखात त्या चालकाशिवाय आपल्या आपण धावतही होत्या. पण आंबेखोलच्या घाटात धुकं असं दाट उतरायचं, की त्या शहाण्या गाड्यांना पुढचं वळणच दिसायचं नाही. म्हणून गावातल्या बारा मुलांना शाळेत नेणारी व्हॅन अजून माणूसच चालवत होतं. ते माणूस म्हणजे अकरा वर्षांच्या मृण्मयीची आई, हेमलता.

त्या मंगळवारी व्हॅनची वार्षिक तपासणी होती. नियम सोपा. घाटातल्या ओल्या उतारावरून ठरलेल्या वेगाने यायचं, ब्रेक दाबायचा आणि पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबायचं. आईने ब्रेक करकचून दाबला. गाडी पट्टा ओलांडून चार मीटर पुढे घसरत गेली.

"टायर बदला," तपासनीस म्हणाले. "सोमवारी पुन्हा बघू. तेव्हाही नाही थांबली, तर वर्षभर मुलांची सोय खालच्या वसतिगृहात करावी लागेल."

घरी आल्यावर आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, पुसली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'मृण्मयी पाटणे, वसतिगृह'. आई नेहमीच वाईटाची तयारी आधी करून ठेवायची. मृण्मयीने मात्र ते वाचायचंही टाळलं. तिला शाळा आवडत होती, पण संध्याकाळी घाट चढून घरी येणं त्याहून जास्त आवडत होतं.

"पण हे झालंच कसं?" आई अंगणात टायरपाशी उकिडवी बसून स्वतःशीच पुटपुटत होती. "टायरची नक्षी बघ की. अर्धं बोट आत जातंय. एक लाख किलोमीटर चालंल म्हणून दुकानदार बोलला हुता, आन् अजून सहा वर्षांत साठ हजारबी झालं न्हाईत. नव्यासारखं टायर हाय, मग गाडी घसरली कशी?"

हे कोडं मृण्मयीलाही सुटेना.

बुधवारी मामाआजोबा आले. हे आईचे मामा. त्यांनी चाळीस वर्षं टायरच्या प्रयोगशाळेत रबर ताणण्यात, भाजण्यात आणि घासण्यात काढली होती. निवृत्तीच्या वेळी लोकांना घड्याळ मिळतं, त्यांना मिळाला घासू. घासू हा मेंढराएवढा, सहा चाकांचा यंत्रमानव. टायर न फिरवता ओल्या जमिनीवरून ओढत न्यायचा आणि त्याला ओढायला किती जोर लागला ते सांगायचं, एवढं एकच काम तो जन्मभर करत आला होता. जितका जोर जास्त, तितकी टायरची पकड चांगली.

येताना त्यांनी तालुक्याच्या दुकानातून तीन टायर नमुना म्हणून आणले होते. मृण्मयीने प्रत्येकात नख रुतवून पाहिलं आणि लगेच त्यांची बारशी उरकली. नख अजिबात रुतलं नाही तो दगडोबा. तो सगळ्यांत स्वस्त आणि पुन्हा एक लाख किलोमीटर चालणारा. नख सहज रुतलं तो लोणी. तो सगळ्यांत महाग आणि वीस हजारांतच झिजणारा. उरला तो मधला. त्याची किंमतही मधली आणि आयुष्य पन्नास हजारांचं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आंबेखोलमध्ये कुणी हत्यार चालवत नाही, हत्यारांची पूजा करतात. कोयता, विळा, शिवणयंत्र, व्हॅन, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. घासूच्याही कपाळी लागलं. त्यामुळे चाचणी दसऱ्यावर गेली.

दसऱ्याच्या सकाळी मामाआजोबांनी अंगणाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पाणी ओतलं आणि घासूने कामाला सुरुवात केली.

"व्हॅनचा जुना टायर, अठ्ठावीस किलो," तो म्हणाला. "दगडोबा, पन्नास. मधला, पासष्ट."

"आता लोणी," मृण्मयी म्हणाली. तो सगळ्यांत मऊ, म्हणजे त्याची पकड सगळ्यांत जास्त असणार, असं मामाआजोबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"लोणी, एकतीस."

मामाआजोबांनी चष्मा काढून पुसला. "परत ओढ."

"एकतीस. मी चुकलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही स्वतः ओढून बघा."

चाळीस वर्षांचं ज्ञान असं भर रस्त्यात तोंडावर पडल्याने मामाआजोबा अस्वस्थ झाले. ते रस्ता तपासू लागले, घासूचे स्क्रू तपासू लागले. मृण्मयी मात्र टायरजवळ वाकली आणि तशीच थांबली. ओळखीचा वास येत होता. तिने आपली वेणी पुढे घेऊन हुंगली, मग पुन्हा टायर हुंगला.

"मामाआजोबा, लोण्याला खोबरेल लावलंय."

सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या.

"व्हय, मीच लावलं," आई म्हणाली. "काल पूजेला. टायर कसं काळंभोर दिसाय पायजे. दरसाली व्हॅनच्या टायरास्नी लावतोच की आपण. औंदा म्हटलं, पाव्हण्या टायरास्नीबी लावावं, पण ह्या एकालाच पुरलं तेल." ती बोलता बोलता थांबली. "दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या वळणावर गाडी जरा सुटल्यागत व्हायची. मला वाटायचं, धुक्यानं हुतंय."

आईचा चेहरा उतरला होता. बारा पोरं गाडीत घेऊन ती सहा वर्षं तो घाट उतरत होती आणि त्यांच्या भल्यासाठी म्हणून जे करत होती, तेच त्यांना घसरवत होतं.

"हेमा, रबराशी बोलणं माझं काम होतं, तुझं नव्हे," मामाआजोबा शांतपणे म्हणाले. "मला आधी विचारायचं सुचलं नाही, ही माझी चूक. आता थोडं भाकरीचं मळलेलं पीठ आण बरं. आणि कालची उरलेली भाकरी."

आईने दोन्ही आणलं. मामाआजोबांनी मागच्या दारचा जुना पाटा पुढे ओढला. त्याला नुकतीच टाकी लावली होती, त्यामुळे तो खडबडीत होता. त्यांनी मृण्मयीला आधी पिठाचा गोळा पाट्यावर दाबायला सांगितला.

"आता बाजूला सरकव."

गोळा सरकेना. पीठ पाट्याच्या प्रत्येक खळग्यात शिरून बसलं होतं. शिळी भाकरी मात्र सुळकन सरकली, कारण ती खळग्यांवर नुसती टेकली होती.

"डांबरी रस्ता म्हणजे असाच पाटा," मामाआजोबा म्हणाले. "त्याचे खळगे इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. मऊ रबर त्यांत शिरतं, दबतं, ताणतं, आणि त्यातून घर्षण (एक वस्तू दुसरीवरून सरकताना होणारा विरोध) वाढतं. रबर मुळात बहुवारिक आहे (एकसारखे लहान रेणू जोडून झालेली लांबलचक साखळी). मऊ रबरात या साखळ्या सैल असतात. कडक रबरात त्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात."

"आणि तेल?"

"तेल खळगे भरून टाकतं. मग लोणीसुद्धा नुसतं टेकून राहतं. त्यातून तेल रबरात मुरलं तर ते खराब होतं, ते वेगळंच."

मृण्मयी विचारात पडली. "मग आपला जुना टायर? त्याला यंदा तेल कालच लागलं. तो तर मंगळवारीच घसरला."

"त्याला नख लावून बघ."

नख रुतलं नाही. दगडोबापेक्षाही तो कडक होता.

"ही शिळी भाकरी झालीय," मृण्मयी म्हणाली.

"बरोबर. आधीच कडक, त्यात सहा वर्षांचं ऊन आणि हवा. हवेतल्या प्राणवायूने साखळ्या आणखी घट्ट बांधल्या जातात आणि रबर वाळतं. नक्षी पाणी बाहेर काढायला लागते, म्हणून ती खोल हवीच. पण रस्ता धरतं ते रबर. टायर झिजायच्या आधीच म्हातारा झाला."

मृण्मयीचं कोडं सुटलं. तेवढ्यात घासूने लोण्याला साबणाने धुऊन पुन्हा ओढलं. "बहात्तर," तो म्हणाला, आणि मामाआजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग लोणीच घ्यायचा," मृण्मयी म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर ती ट्रंक होती.

"सैल साखळ्या लवकर तुटतात. ब्रेक मारला की रस्त्यावर काळा पट्टा उमटतो ना, ते रबरच असतं. हे अपुऱ्या पांघरुणासारखं आहे. डोक्यावर ओढलं की पाय उघडे. पकड ओढली की आयुष्य उघडं पडतं, दोन्ही ओढलं की किंमत. मग काय करायचं, ते तू सांग. पण टायरकडे बघून नको, रस्त्याकडे बघून सांग."

मृण्मयीने दगडी पायरीवर बसून बराच वेळ विचार केला. मग ती घासूकडे वळली. "पट्ट्याच्या आत थांबायला किती पकड लागते?"

"साठ किलो."

"म्हणजे दगडोबा बाद. मग तो कितीही स्वस्त असो."

"बाद," मामाआजोबा म्हणाले. "पकडीच्या बाबतीत घासाघीस नाही."

"आता आयुष्य. आई रोज चार फेऱ्या मारते, म्हणजे चाळीस किलोमीटर. शाळेचे दिवस दोनशे वीस." तिने बोटांवर हिशोब केला. "वर्षाला जवळजवळ नऊ हजार. रबर चांगलं किती वर्षं राहतं?"

"आपल्या उन्हात पाच धर."

"पाच वर्षांत पंचेचाळीस हजार. मधला पन्नास चालतो, म्हणजे पुरतो. लोणी सव्वादोन वर्षांत संपणार, आणि शेवटच्या पावसात त्याची नक्षी राहिलेलीच नसणार. आणि दगडोबाची लाखभराची बढाई आपल्या कामाचीच नव्हती." ती हळूच आईकडे वळली. "आई, आपण अकरा वर्षांचं आयुष्य विकत घेतलं होतं, त्यातलं निम्मं वापरायच्या आतच ते शिळं झालं."

आई मधल्या टायरवर हात फिरवत होती. तिने अंगणातलं आपट्याचं एक पान उचलून त्याच्यावर ठेवलं. "ह्यो घेऊ," ती म्हणाली.

सोमवारी ओल्या उतारावर व्हॅन आली. बारा मुलं कठड्यापाशी उभी होती. मृण्मयीने डोळे गच्च मिटून घेतले होते. टायरचा एकच लांब सूर ऐकू आला आणि मग नुसतं ओढ्याचं पाणी. तिने डोळे उघडले, तेव्हा गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर अलीकडे उभी होती आणि आई स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. मृण्मयी धावत गेली आणि खिडकीतूनच आईच्या गळ्यात पडली.

संध्याकाळी मामाआजोबा निघाले, तेव्हा तिने विचारलं, "पावसात लोणी होणारा आणि कोरड्यात दगडोबा होणारा टायर का नाही करत कुणी?"

"प्रयत्न झाले. मीही वीस वर्षं केला. मला नाही जमला." त्यांनी पिशवीतून रबराचे सात-आठ तुकडे काढून तिच्या ओंजळीत ठेवले. "हे माझे तिथवरचे नमुने. पुढचे तू कर."

आईने ते ठेवायला ट्रंक पुढे केली. मग रंगाचा डबा आणला, ट्रंकेवरच्या 'वसतिगृह' या शब्दावर बोळा फिरवला आणि कुंचला हातात धरून थांबली.

"नावापुढं आता काय लिवू गं?"

मृण्मयीने तुकडे एकेक करून ट्रंकेत ठेवले, प्रत्येकाला नख लावून बघत.

"प्रयोगशाळा," ती म्हणाली.