एमिलच्या गाडीचा श्वास

एमिलची जुनी पिकअप सुरू केली की धापा टाकायची. दोन आखूड, एक लांब, मग काही क्षण शांतता. त्या शांततेत लोर्नासुद्धा श्वास धरून बसायची, कारण फेब्रुवारीत जाण्याआधी महिनाभर एमिल अगदी असाच श्वास घेत होता. चाळीस वर्षं धान्याची धूळ खाल्लेली त्याची छाती होती. तेव्हापासून रोज दुपारी ती शेडमध्ये जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवी आणि नवऱ्याशेजारी बसल्यासारखी बसे.

शेजारच्या रँचवरच्या डुएनला तिने हे सांगितलं नव्हतं. त्याला दिसलं ते गाडीखालचं तेलाचं थारोळं.

"अगं, गुदमरतंय हे इंजिन! आतली वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह चोंदलाय. आणखी महिनाभर अशीच चालवलीस तर थेट भंगारात."

"चालू दे तशीच."

"एमिलनं ऐकलं असतं ना, तर माझेच कान उपटले असते." त्याने खिशातून अंगठ्याएवढा नवा व्हॉल्व्ह काढला. "तूच बसव. तुलाच शिकवलं होतं त्यानं, मला नाही."

गाडी गेली तर काहीच उरणार नव्हतं. व्हॉल्व्ह बदलला तर गाडी उरेल, पण तो श्वास? लोर्ना बराच वेळ बॉनेटला टेकून उभी राहिली. बाहेर मे महिन्याचं गवत वाऱ्यावर एका बाजूला झोपत होतं. शेवटी तिने रबरी नळी ओढली आणि काळ्या चिकट्यात माखलेला जुना व्हॉल्व्ह उपसून काढला.

एमिलनं शिकवल्याप्रमाणे तिने तो कानाशी धरून हलवला. वाजला तर जिवंत, नाही वाजला तर मेला. तो वाजला नाही. नवा मात्र छान खुळखुळला. तिने तो नळीत खोचला, इंजिन सुरू केलं आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर अंगठा ठेवला. त्याने अंगठा जोरात ओढून धरला. मग तिने व्हॉल्व्ह जागेवर बसवला.

इंजिन एकसारखं, गोड घुमू लागलं. मध्ये कुठेच थांबलं नाही.

"बघ!" डुएन खुशीत म्हणाला. लोर्नाला रडू आलं. तो गोंधळला आणि तिने भाजलेल्या आंबटगोड रुबार्ब पाईचा तुकडा घेऊन घरी गेला.

जुना व्हॉल्व्ह तिच्याने फेकवला नाही. तिने तो एप्रनच्या खिशात टाकला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून सीटवर बसून राहिली. पत्र्याच्या फटींतून पिवळं ऊन पाझरत होतं. एमिलच्या कोटाचा वास येत होता.

खिशात काहीतरी खुळखुळलं.

दोन आखूड. एक लांब. शांतता.

तिने तो बाहेर काढला. चिकटा अजून तसाच होता. तिने त्याच्या तोंडावर अंगठा ठेवला.

त्याने अंगठा हलकेच ओढून घेतला.

"एमिल," ती म्हणाली. तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. अंगठा काढावासा वाटेना.

हळूहळू खुळखुळ संथ झाली. एकसारखी, झोपलेल्या निरोगी माणसासारखी.

दोन आखूड, एक लांब मात्र अजून ऐकू येत होतं. आता ते तिच्याच छातीतून येत होतं.