दुरुस्त केलेला नंबर

मी प्रोग्रामर आहे. भुताखेतांवर विश्वास ठेवायचा मला पगार मिळत नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय, तेही भरदुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. कुणाला थाप वाटली तर वाटू दे.

शनिवार होता. नोंदणी कार्यालयाला सुट्टी. तळघरातल्या मशीनरूममध्ये मी आणि ऑपरेटर काका, दोघंच.

शहरातल्या प्रत्येक माणसाची नोंद तिथल्या जुन्या डेटाबेसमध्ये आहे. चाळीस वर्षांचा झालाय तो. आम्ही त्याला आजोबा म्हणायचो. लोकांना घरबसल्या दाखले मिळावेत म्हणून आजोबांना वेबसर्व्हरशी जोडायचं काम माझ्याकडे होतं. पण आजोबांची भाषा नव्या सर्व्हरला कळत नाही. मग मध्ये मिडलवेअर बसवायचं. म्हणजे दुभाष्याच म्हणा. इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे.

काका तीस वर्षं आजोबांची उस्तवार करत होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. माझी चेष्टा करायची एक संधी सोडत नसत. तुझ्या दुभाष्याला सांग, म्हाताऱ्या माणसाशी बेतानं बोलायचं, हे सकाळपासून तीनदा ऐकवून झालं होतं.

आजोबांकडून नोंदी वाचणं जमलं. आता लिहून बघायचं होतं.

इथे मी माती खाल्ली.

चाचणीसाठी खोटी नोंद बनवायची असते. मी आळस केला. तोंडपाठ होता म्हणून बाबांचा, माझ्या सख्ख्या वडिलांचा, नोंदणी नंबर टाकला आणि 'हयात' होतं तिथे 'मयत' केलं. मिनिटभरात परत बदलणार होते. आमच्या धंद्यात सगळेच घरच्यांची नावं वापरतात.

वेबवर लगेच दिसलं, मयत. मी खूश झाले. सांगायला लाज वाटते, पण झाले.

मग परत 'हयात' केलं. दुभाष्या म्हणाला, झालं.

पान पुन्हा उघडलं...

मयत.

पुन्हा बदललं. पुन्हा तेच. आणि खाली मृत्यूच्या वेळेचा रकाना... तो मी रिकामा सोडला होता.

त्यात आता चार चाळीस लिहिलेलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

मी काकांना हाक मारली. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, नंबर कुणाचा ते विचारलं. मी सांगितल्यावर ते मटकन खुर्चीत बसले.

तेवढ्यात मला जाणवलं, खोलीत काहीतरी कमी आहे...

आजोबांच्या मशीनच्या पंख्याची घरघर थांबली होती. स्क्रीनवर मात्र सगळं चालू होतं.

मी घरी फोन लावला. आई म्हणाली, बाबा मजेत आहेत, सायकलचं पंक्चर काढत बसलेत. जिवात जीव आला. दहा मिनिटांनी परत लावला, तर तिचा आवाज बदललेला. बाबांना एकाएकी हुडहुडी भरली होती. दोन पांघरुणं घेऊनही दात वाजत होते. डॉक्टरांना बोलाव, एवढंच मी तिला म्हणू शकले.

काका खालच्या आवाजात बोलायला लागले. वेळ आपोआप भरली गेली की ती खरी होते, हे त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. तेव्हा घाबरून ते गप्प बसले होते. एक बाई गेली होती, धडधाकट.

"मृत्यूची नोंद आजोबा पुसू देत नाहीत," ते म्हणाले. "नंबर चुकला असेल, तर तेवढा दुरुस्त करता येतो."

"म्हणजे दुसरा कुणाचा तरी टाकायचा?"

"हयात माणसाचाच लागतो."

मी ऐकलं नाही. शून्यं टाकून पाहिली. आधीच वारलेल्यांचे नंबर टाकले. आजोबा एकही घेईनात. आणि प्रत्येक नकारासरशी कोपऱ्यातला जुना प्रिंटर...

करकरत एक ओळ छापायचा. बाबांचं नाव, चार चाळीस.

त्या प्रिंटरची वायर काढून ठेवलेली होती.

चार वाजले. काकांनी माझी पर्स माझ्या हातात दिली.

"पोरी, तू घरी जा. मी बघतो."

मी निघाले. कॉम्प्युटर तसाच, माझ्या लॉगिननं उघडा राहिला.

घरी पोचले तेव्हा बाबांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर नाडी शोधत होते. मी बाबांचा हात धरला. नुसता बर्फ. चार अडतीस. चार एकोणचाळीस. छाती हलेना...

चार चाळीस.

बाबांनी मोठा श्वास घेतला. डोळे उघडले आणि विचारलं, माझं चाक कुणी हलवलं नाही ना? मी ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाले, असं कधी पाहिलं नाही.

मग काकांना फोन लावला. रिंग वाजत राहिली...

मी धावत परत गेले. काका खुर्चीतच होते. मान खाली, दोन्ही हात कीबोर्डवर. हृदयविकाराचा झटका, असं नंतर कळलं. पंखा पुन्हा घरघरत होता.

मी नोंद उघडली. दुरुस्ती चार बावीसला झालेली. करणाऱ्याचं लॉगिन माझं. जुना नंबर बाबांचा, नवा काकांचा. मृत्यूची वेळ तीच, चार चाळीस.

आज त्याच मिडलवेअरमधून रोज शेकडो दाखले निघतात. काही बिघडत नाही. बाबा ठणठणीत आहेत, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. मी मधूनमधून काकूंकडे जाऊन बसते. त्या म्हणतात, सुट्टीच्या दिवशीही ऑफिसला गेले, कामाचा फार ध्यास होता हो त्यांना. मी मान हलवते.

त्यांना एक गोष्ट सांगायची राहिलीय. त्या दिवशी निघताना मी दारात थांबले होते. तुम्ही कुणाचा नंबर टाकणार, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं, तर त्यांना अडवावं लागलं असतं.

म्हणून मी विचारलं नाही.