नऊ हजार प्लेटलेट्स

नर्सिंगच्या वर्गात सगळ्या तिला थरथर म्हणायच्या. सुई हातात आली की बोटं कापायची, दुसरं काय! त्या दिवशी रक्त काढण्याच्या प्रॅक्टिकलला मैत्रिणींनी भराभर आपापल्या जोड्या जमवल्या आणि हिच्यापुढे हात करायला कुणी तयार होईना. तेवढ्यात कशाला तरी आलेला लॅबचा टेक्निशियन दारातच थांबला, आत आला आणि बाही वर सारून तिच्यासमोर बसला.

"टोचा, सिस्टर. रक्त पुष्कळ आहे माझ्याकडे."

"सर, मला... नीट जमत नाही अजून."

"मग माझ्यावरच शिका. मी ओरडणार नाही. मुलींसमोर ओरडायला लाज वाटते मला."

तिला खुदकन हसू आलं. हसण्याच्या नादात हात कापायचा राहिला आणि पहिल्याच फटक्यात शीर सापडली! तिने मान वर केली, तर हा बाबा सुईकडे बघतच नव्हता... तिच्याकडे बघत होता. जांभळ्या टोपणाची नळी भरली. कापूस दाबून तो वॉर्डातली सॅम्पल्स आणायला निघून गेला आणि ही गालातल्या गालात हसत नळी घेऊन लॅबमध्ये आली. मशीनवर रिपोर्ट काढणं हाही प्रॅक्टिकलचाच भाग होता.

चिठ्ठी बाहेर आली. प्लेटलेट्स: नऊ हजार.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. दीड लाखाच्या वर हव्यात! तिने पुन्हा मशीन चालवलं. पुन्हा नऊ हजार. कालच तर शिकवलं होतं, की शरीराची रोगप्रतिकारशक्ती कधीकधी बिथरते, जंतू सोडून आपल्याच प्लेटलेट्सच्या मागे लागते आणि मग आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूतसुद्धा! आणि हा माणूस खुशाल जिने उतरत फिरतोय?

टेबलावर विसरलेला त्याचा फोन वाजला. 'आई'. तिने उचलला आणि जे करू नये नेमकं तेच केलं.

"काकू, लवकर या... त्यांच्या प्लेटलेट्स नऊ हजार..." पुढे नुसता हुंदका.

दहा मिनिटांनी तो शीळ घालत आत आला.

"खाली बस आधी!" ती किंचाळली. सर नाही नि अहो नाही. "हलू नकोस! तुला काही झालं तर मी काय करू?"

तो जागच्या जागी थिजला. तीही. आपण काय बोलून बसलो!

मग त्याने चिठ्ठी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "स्लाइड बघितली?"

त्याने नळीतला एक थेंब काचेवर पसरला आणि तिला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. प्लेटलेट्स भरपूर होत्या, पण गठ्ठ्यागठ्ठ्यांनी चिकटलेल्या.

"माझ्या रक्तात एक अँटिबॉडी आहे. या नळीतल्या औषधात गेली की प्लेटलेट्सचे गठ्ठे बांधते आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. शरीरात सगळं ठणठणीत आहे. माझं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घ्यावं लागतं, तिच्यातलं औषध वेगळं असतं."

"मग सांगितलं का नाही?" तिला रडावं की त्याला बडवावं, कळेना.

"सांगणारच होतो... पण तू हसलीस आणि मी सगळंच विसरलो."

तिला दुसरा धक्का बसला. तो पचतोय तोवर दारात त्याची आई उभी. हातात पिशवी, चेहरा एकदम शांत.

"काकू, सॉरी... त्यांना काही झालेलं नाही."

"माहितीये गं. जांभळी नळी ना? चार वर्षांपूर्वी मीही अशीच रडले होते."

"मग... तुम्ही धावत का आलात?"

"माझ्या मुलासाठी एवढं रडणारी कोण, ते बघायला." तिने हिला डोळे भरून पाहून घेतलं. "मी बाहेर बाकावर बसते. बोलून घ्या काय ते."

दार लोटलं गेलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"सहा महिन्यांपासून सांगायचं होतं... तू आवडतेस मला. तुला कधीच कळलं नाही?"

"नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मला तर माझंही आजच कळलं. चिठ्ठी बाहेर आली तेव्हा."