ब्रेक लावून पळणारी निशिगंधा

खो-खो खेळताना निशिगंधाची नडगी दुखत नसे. पंधराशे मीटर पळताना मात्र हटकून दुखे. पाय तेच, बूट तेच, फलटणच्या शाळेचं मैदानही तेच. मग दुखणं यायचं कुठून?

सन २०५१ मध्ये चंद्रावर मेथी उगवत होती, पण या प्रश्नाचं उत्तर उगवत नव्हतं. सल्ले भरपूर होते. मावशीने हळदीचा लेप लावला. चुलतभाऊ म्हणाला, “टाच टेकवूच नकोस, चवड्यांवर पळ.” तिने ऐकलं आणि नडगीच्या सोबतीला पोटरीही दुखू लागली.

शेवटी डॉक्टरांनी पाय तपासला. “हाड शाबूत आहे. तीन आठवडे पळू नका. मग हळूहळू पळून पाहा. पुन्हा दुखलं, तर यंदा शर्यती बंद.”

तीन आठवडे संपले, तशी निशिगंधाला पळून पाहायचीच भीती वाटू लागली. ती भाऊआजोबांकडे गेली. हे आईचे वडील. चंद्रावर चालणाऱ्या यंत्रांचे पाय बनवून ते निवृत्त झाले होते. घरी त्यांचा सदोबा नावाचा यंत्रमानव होता. तो खरं तेवढंच बोले, त्यामुळे त्याला लग्नाकार्याला कुणी बोलवत नसे.

तिघं मैदानावर गेले.

“पन्नास पावलं खो-खोसारखी पळ,” आजोबा म्हणाले. “मग पन्नास शर्यतीसारखी. रणवरे सर सांगतात तशी.”

शाळेत खेळ शिकवणारे रणवरे सर बावीस वर्षं एकच सांगत होते : “ढांग टाक, लांब ढांग!” निशिगंधा पुढे पाय फेकत पळाली. सदोबाने डोळे मिचकावून मोजमाप घेतलं.

“खो-खोत पाऊल कमरेच्या जवळजवळ खाली पडतं,” तो म्हणाला. “शर्यतीत एक वीत पुढे. शर्यतीत तू पळतेस आणि स्वतःला अडवतेसही.”

“मी कशाला अडवू स्वतःला? वेडी आहे का?”

“त्याची तपासणी मी केलेली नाही.”

आजोबांनी हसू दाबलं. “निशे, खो-खोत पळता पळता एकदम थांबायचं झालं, तर काय करतेस?”

“पाय पुढे रोवते.”

“बरं. आणि शर्यतीत?”

निशिगंधाने एक पाय पुढे टाकून पाहिला. “पाय... पुढेच रोवते. दर ढांगेला! म्हणजे मी ब्रेक लावून पळत होते?”

“तू जमिनीला जेवढं ढकलतेस, तेवढंच जमीन तुला उलट ढकलते. याला म्हणतात प्रतिक्रिया बल (जमिनीने दिलेला उलटा रेटा). पाऊल फार पुढे पडलं, की हा रेटा तुला मागे लोटतो. तो झेलायचा कुणी? नडगीने आणि गुडघ्याने.”

“मग टाच टेकवायची की चवडा?”

“ते नंतर. आधी पाऊल कमरेजवळ पडू दे. टाच हलकेच टेकली, तर टेकू दे बापडी.”

“पण लांब ढांग नको?”

“हवी की! ती मागच्या पायाने जमीन ढकलून मिळते, पुढचा पाय फेकून नाही.”

निशिगंधाची पदगती (एका मिनिटात पडणारी पावलं) एकशे छप्पन होती. सदोबाने एकशे अडुसष्टच्या ठेक्यावर टाळ्या वाजवल्या. वेग तोच, पावलं जास्त आणि छोटी. ती एक फेरी पळाली. मग दुसरी. थांबली ती दमून, दुखून नव्हे.

आवाज ऐकून रणवरे सर आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी आपल्या सहा फूट दोन इंच देहाकडे पाहिलं, मग तिच्या चार फूट सात इंचांकडे.

“म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना माझी ढांग शिकवत होतो?”

“होय,” सदोबा म्हणाला.

सरांनी खिशातून वही काढली. “टाळ्यांचा आकडा परत सांग. बाकीच्या मुलांचीही पावलं मोजू.”

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, कारण पळाल्यानंतरच्या सकाळी तिची नडगी सगळ्यात जास्त ठणके. जाग येताच निशिगंधाने अंगठ्याने हाड दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. तरी नाही. तिने आरोळी ठोकली. आई धावत आली.

“काय झालं? दुखतंय?”

“नाही!”

“मग ओरडतेस कशाला?”

“दुखत नाही म्हणून!”

आईने स्वतः दाबून पाहिलं, एकदा नव्हे, तीनदा. मग पदराने डोळे पुसले आणि जमेल तितक्या कडक आवाजात म्हणाली, “दूध संपलंय. ऊठ, पळत जा.”