तिसऱ्या यंत्राचा कोरा लॉग

तैवानमधल्या ताइनानच्या जुन्या रेडिओ केंद्रातून चाळीस वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रित आवाज नाहीसे झाले आणि आळ आला तिथल्या ध्वनिमुद्रक चिउ काकांवर. त्यांच्या निवृत्तीला जेमतेम आठवडा उरला होता.

केंद्रप्रमुख फान बाई स्वतः लिएनताईंकडे आल्या. लिएनताई पूर्वी डेटाबेस सांभाळायच्या, आता लोकांची कोडी सोडवतात. सोबतीला काओ, निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड पडायला दिवस मावळावा लागतो.

केंद्राच्या डेटाबेसची तीन यंत्रं एकमेकांना जोडलेली होती. कुणी काय उघडलं, काय पुसलं, हे प्रत्येक यंत्र आपापल्या लॉगमध्ये टिपून ठेवी. चिउ काका बुरशी धरलेली जुनी रिळं तिसऱ्या यंत्रावर उतरवत होते. उतरवलेलं रीळ टाकून द्यावं लागे, कारण ते पुन्हा वाजण्याच्या लायकीचं राहत नसे. मंगळवारी सकाळी पाहतात तर आवाज गायब आणि तिसऱ्या यंत्राचा लॉग कोरा.

"ज्याने लॉग पुसला त्यानेच आवाज पुसले," फान बाई म्हणाल्या. "त्या यंत्रावर काकांशिवाय कुणी बसत नाही. उलगडा झाला नाही तर मला पोलिसांत जावं लागेल."

लिएनताईंनी आधी फोन करून तिन्ही यंत्रांवरची आपोआप चालणारी सगळी कामं थांबवायला लावली. मगच त्या निघाल्या.

यंत्रांच्या खोलीत प्रत्येक यंत्रावर खाऊची एकेक हिरवी पुडी ठेवलेली होती. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतातच. काओने एक उचलून मुदत वाचली. "११४ साल, मे. ताजी आहे की."

"ताजी आहे म्हणूनच ठेवलीय," निवेदक लुओ म्हणाला. "ठेवा खाली, हवालदारसाहेब. यंत्र रुसलं तर समजूत तुम्ही काढणार का?"

जुने आवाज जागा खातात अशी कुरकुर आपण केली होती, हे लुओने लपवलं नाही. पण तो पहिल्या यंत्रावर काम करायचा आणि त्याच्या नोंदी शाबूत होत्या. तिसरं यंत्र काकांनी एकट्याने, आपल्या जुन्या सवयीने उभं केलं होतं, असंही तो म्हणाला.

चिउ काका बाहेर बाकावर बसले होते. बुधवारपासून त्यांना खोलीत यायला मनाई होती.

"फर्माइशींच्या कार्यक्रमात माझी बायको बोलायची," ते म्हणाले. "ती जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज मी पुसेन, ताई?"

काओ त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

लिएनताईंनी फान बाईंना तीन गोष्टी विचारल्या. बुधवारनंतरचा लॉग आहे का? नव्हता, तोही कोरा होता. आवाजांपैकी काही वाचलं का? तीनच वाचले होते, ज्यांच्या नोंदीत तारखेचा रकाना रिकामा राहिला होता. आणि सोमवारी नवीन काय केलं? फान बाईंनी सांगितलं, की जागा भरत चालली म्हणून त्यांनी नियम लावला होता: लॉग आणि नव्या नोंदी नव्वद दिवस ठेवायच्या, त्याहून जुनं सगळं पुसायचं. तारीख यंत्रावर उतरवल्याची धरायची; काकांचे आवाज तर गेल्या दोन महिन्यांतलेच, नव्वद दिवसांआधी ते कायमच्या साठ्यात हलवायचे होते. कॅलिफोर्नियात, जिथे त्या वाढल्या, सगळे असंच करतात.

लिएनताईंनी सगळ्यांना आत बोलावलं. काकांनाही.

"काओ, हे साल कोणतं?"

"एकशे तेरा. हे काय विचारणं झालं?"

"फान बाई, तुमच्या मते?"

"दोन हजार चोवीस," फान बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इथे निम्मे लोक साल प्रजासत्ताकापासून, म्हणजे १९१२ हे पहिलं धरून, मोजतात. सरकारी कागद, पुडीवरची मुदत आणि आपले चिउ काका. आपलं डोकं न सांगता बेरीज करून घेतं. तुमच्या नियमाने मात्र काकांच्या यंत्रावर एकशे तेरा साल वाचलं आणि मालाला एकोणीसशे वर्षं झाली असं समजून झाडू मारला. तारीख नव्हती ते वाचलं. चोर काय तारखेचा रकाना बघून चोरी करतो? आणि काका बाहेर बसलेले असतानाही लॉग पुसला जात होता. मग पुसणारा माणूस कसा असेल?"

काओने कपाळाला हात लावला.

"गेलेलं परत येईल?" फान बाईंनी हळूच विचारलं.

"पुसलेलं लगेच जात नाही. यंत्र त्यावर फुली मारतं आणि खरी सफाई आठवड्याने करतं. तीच मी थांबवलीय."

फुल्या काढायला तासभर लागला. फान बाईंनी काकांसमोर कमरेत वाकून माफी मागितली. काकांनी घाईघाईने त्यांना उठवलं, तेच जास्त अवघडले होते. मग बाईंनी पहिलंच ध्वनिमुद्रण काकांच्या बायकोचं लावलं आणि काका सवयीने पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा बघायला पुढे झुकले.

"सगळं ठीक चाललंय, काका," लिएनताई म्हणाल्या. "रेषा मी बघते."

काका खुर्चीत मागे टेकले. तिच्या कार्यक्रमाची वीस वर्षं काचेपलीकडे बसून ते आवाजाची पातळी दाखवणारा काटाच बघत आले होते. बायको काय बोलायची ते त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं, आणि संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं.