गुलाबी घासपट्टी

भाची दूध आणायला मामांच्या दुकानातून बाहेर पडली आणि समोरच्या नेल पार्लरच्या दारातून शेजारचा चष्मेवाला बाहेर आला. भर रस्त्यात दोघं समोरासमोर! त्याच्या खिशातून नखं घासायची गुलाबी पट्टी डोकावत होती. उजव्या अंगठ्याचं नख तर नव्या काचेसारखं चकाकत होतं.

"इकडे... कसा काय?"

"असंच. जरा काम होतं."

"नखांचं?"

"थोडंफार," तो म्हणाला आणि चक्क लाजला.

झालं. पार्लरवाली दिसायला छान, हसायला त्याहून छान. पुढचं सगळं भाचीने रस्ता ओलांडेपर्यंत मनातल्या मनात रचून टाकलं, अगदी लग्नातल्या साडीच्या रंगासकट. दूध आणायचं राहूनच गेलं.

तिच्या मामांचं छोट्या विमानांच्या सामानाचं दुकान होतं. चष्म्याचं दुकान त्याच्या शेजारी. रोज दुपारी चष्मेवाला मागच्या टेबलाशी येऊन बसायचा, आणि रविवारच्या प्रदर्शनासाठी दोघं मिळून एक लाकडी विमान बनवत होती. तो पंख कोरून, घासून आणायचा. ती डोळे मिटून त्यावर बोट फिरवायची, "हं" म्हणायची, आणि पॉलिश पेपर घेऊन सगळा पंख पहिल्यापासून घासायला बसायची. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. तो तिला मनापासून आवडायचा, म्हणूनच तर ती इतकं घासायची.

दुपारी तो आला तेव्हा ती ट्रे आवरण्यात फारच गर्क होती.

"पंख घासायला वाकणारंच काहीतरी लागतं गं," तो म्हणाला. "ठोकळ्याने गोलाई चपटी होते. नुसत्या बोटांनी घासलं तर चऱ्या पडतात."

"समोर मिळेल की. तिथे वाकणारं, लाजणारं सगळं मिळतं."

गल्ल्यावर बसलेल्या मामांना एकाएकी खोकला आला आणि ते पाणी प्यायला आत गेले.

चष्मेवाल्याने पिशवीतून पंख काढून तिच्यासमोर ठेवला. "डोळे मिट."

तिने नाइलाजाने मिटले. बोट पंखाच्या गोलाईवरून निघालं ते कुठे अडेचना.

"कुणी घासला?"

"मी."

"आणि शिकवलं तिने?" तिचा आवाज उगाचच चढला.

"हो. माझ्याच नखावर. नखही गोलच असतं ना. पट्टी दाबायची नाही म्हणे, तिला वाकू द्यायचं."

"मला विचारता आलं नसतं?"

"तुला?" तो हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "तू माझ्या हातातलं घेतेस आणि पुन्हा करतेस. प्रत्येक वेळी. मला वाटलं, एकदा तरी तू बोट फिरवावंस आणि तसंच खाली ठेवावंस. मग... मला एक विचारायचं होतं. जिला माझं काहीच पसंत पडत नाही, तिला ते कसं विचारणार?"

तो किती दिवस मुकाट्याने बघत बसला असेल, हे तिच्या आत्ता कुठे लक्षात आलं. तिला स्वतःचाच राग आला.

"मी सकाळपासून तिच्यावर जळतेय," ती खाली मान घालून म्हणाली. "पुन्हा जाऊ नकोस तिकडे."

"नखाची चकाकी काढायला तरी?"

"ती मी काढीन. खरखरीत पेपरने."

तो हसला, आणि ती पुन्हा डोळे मिटून पंख चाचपू लागली. कडेपाशी बोट जरा अडलं. तिचा दुसरा हात सवयीने पॉलिश पेपरकडे गेला... आणि मध्येच थांबला.

"इथे थोडं उंच आहे," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नसतं. त्याचा चेहरा पडायच्या आत तिने त्याच्या खिशातली पट्टी काढून त्याच्या हातात दिली, आणि त्याचं बोट धरून नेमकं तिथे टेकवलं. "तूच काढ. मी हात लावणार नाही."

तो हलक्या हाताने घासू लागला. ती शेजारी बसून राहिली.

"आणि घासता घासता विचार," ती म्हणाली, "जे विचारायचंय ते."

त्याने मान वर न करताच विचारलं. ती हो म्हणाली. पंखावरचा तो उंचवटा गेला की राहिला, हे मग दोघांनीही पाहिलं नाही.