मटारच्या हंगामातली लेखी तक्रार

मी मशीनला दुसरी लाथ घातली, तेव्हा मशीनच्या मागून आवाज आला, "अगं, जरा हळू. इकडे माणूस आहे."

मी दचकून मागे सरले. मशीन आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीतून आधी एक हात आला, मग धुळीनं पांढरी झालेली एक भुवई, आणि मग हातात प्लग घेतलेला एक उंच, जरासा वाकलेला मुलगा. आणि मी कशी? डोक्यावर निळी जाळी, गुडघ्यापर्यंत पांढरे गमबूट, एप्रनवर मटारचा हिरवा चोथा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांत डोळे घालावेसे वाटले, तर अवतार हा असा. कपाळ माझं.

"नाणं अडकलं का?" त्यानं विचारलं.

"अडकलं नाही. गिळलं यानं."

"काय हवं होतं तुला?"

"न्याय," मी म्हटलं.

तो हसला. खिशातून किल्ली काढून त्यानं मशीनचं दार उघडलं, चिप्सचं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि वर स्वतःच्या खिशातली एक काळी गोळी. "ही घरची. माझी आई हॉलंडची. ती म्हणते, ही चघळली की राग उतरतो."

मी गोळी तोंडात टाकली. खारट, कडू, डांबरासारखी... मी ती तशीच हातावर काढली.

"उतरला?"

"चढला."

हा डर्क हुक्स्ट्रा. आमच्या किनाऱ्यावरच्या शाळा, इस्पितळं, कारखाने अशा ठिकाणी त्याच्या वडिलांनी ही खाऊची मशीनं ठेवली होती. वडिलांचे गुडघे गेले, तेव्हापासून ती भरायला डर्क यायचा. आमच्या मटारच्या कारखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी. हे वार मला कसे पाठ झाले ते विचारू नका.

बेरिलच्या मात्र ते लगेच लक्षात आलं. मटार निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी ती माझ्या शेजारी उभी असायची. वीस वर्षं तिनं तिथे उभ्यानं काढली होती आणि तिच्या नजरेतून एक काळा मटार सुटत नसे, तर मी कुठली सुटायला.

"नरेल, आज मंगळवार वाटतं," ती म्हणायची.

"का गं?"

"लिपस्टिक लावलीस ती."

"ओठ फुटलेत माझे. थंडीनं."

"जानेवारीत? भर उन्हाळ्यात?" बेरिल म्हणायची, आणि पुढच्या दोघींना डोळा मारायची.

तो कारखाना आजही आहे, पण पट्ट्यापाशी कुणी नसतं. खराब मटार कॅमेरा टिपतो आणि वाऱ्याचा फुत्कार तो उडवून लावतो. परवा तिथून गाडीनं जाताना नुसता शिजल्या मटारचा वास आला आणि मी गाडीची काच खाली केली. किती चिडायचो आम्ही त्या वासावर. घरी जाऊन तीनदा केस धुतले तरी उशीला तोच. आज तो कुणी बाटलीत भरून दिला तर मी घेईन.

तर आमची दुपारची शिफ्ट तीनला सुरू व्हायची आणि कँटीन दोनला बंद. चहाच्या सुट्टीला, आमच्या स्मोकोला, पोटात काही ढकलायचं तर ते एक मशीन. दहा मिनिटांत गमबूट काढून गावात जाऊन येणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पण त्याचं आम्हाला काही वाटत नसे, कारण आमची एक रीत होती. आज एकीनं सगळ्यांना द्यायचं, उद्या दुसरीनं. "आज माझ्याकडून गं," असं म्हणून जी मशीनपुढे उभी राहील, तिचा त्या दिवशीचा थाटच वेगळा. राणीच जणू. कुणाला काय आवडतं ते सगळं तिला तोंडपाठ असायचं, आणि कुणी "मला नको" म्हटलं तर तिला राग यायचा.

आणि एका मंगळवारी मशीनवरचे भाव बदलले. डॉलरची चिप्स एकदम एक ऐंशी. चॉकलेटचंही तेच, सूपचंही तेच.

पहिल्या दिवशी शिव्या दिल्या आणि घेतलं. दुसऱ्या दिवशी एकीनं घरून सँडविच आणलं आणि कोपऱ्यात तोंड करून खाल्लं. आठवड्याभरात जी ती आपापला डबा उघडून आपापल्या खुर्चीत. गप्पा नाहीत, चिडवाचिडवी नाही. मग बेरिलचा दिवस आला. ती मशीनपुढे उभी राहिली, हातात पैशांचं पाकीट. बराच वेळ नुसती उभी. मग वळून म्हणाली, "माझं आज पोट ठीक नाही गं," आणि पावसात बाहेर जाऊन स्वतःच्या गाडीत बसली. काचा वर करून. मी खिडकीतून पाहिलं, आणि माझे डोळे चुरचुरले.

त्याच आठवड्यात सगळ्यांनी मला घेरलं. मी आमच्या विभागाची युनियनची प्रतिनिधी होते. म्हणजे निवडणुकीच्या वेळी मी बाथरूमला गेले होते, परत आले तर निवडून आले होते.

"रीतसर लेखी तक्रार कर," एक म्हणाली.

"चिप्सच्या पाकिटासाठी? ऑफिसात हसतील आपल्याला," दुसरी.

"हसू देत. हसायला तरी एक ऐंशी पडत नाहीत."

"त्यापेक्षा त्या पोराला सांग ना, नरेल," तिसरी लाडात आली. "तुझं ऐकेल तो."

सगळ्या हसल्या. बेरिल तेवढी हसली नाही. "तिला नका त्यात घालू," ती म्हणाली, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

खरं सांगायचं तर भाव वाढल्यापासून मी त्याच्याशी बोलत नव्हते. तो आला की मी बुटाची नाडी बांधायचे. गमबुटांना नाड्या नसतात, पण ते जाऊ दे. त्या शुक्रवारी मात्र शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी सरळ त्याच्या व्हॅनचं दार उघडलं आणि शेजारी जाऊन बसले. बाहेर समुद्रावरून आडवा पाऊस येत होता. काचेवर मिठाचे ओघळ. आत चॉकलेटचा वास आणि त्याच्या ओल्या स्वेटरचा.

"चोर आहेस तू," मी म्हटलं.

"नमस्कार, नरेल. मी बरा आहे. तू कशी आहेस?"

"एक ऐंशी, डर्क?"

त्यानं सुस्कारा सोडला. "ब्रॅमिचनं जागेचं भाडं दुप्पट केलं. परवडत असेल तर ठेव, नाहीतर उचल, म्हणाला."

ब्रॅमिच आमचा मॅनेजर. मशीनच्या जागेचंही भाडं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"कुणाला? तू तर गमबुटाच्या नाड्या बांधत होतीस."

मी खिडकीबाहेर पाहिलं. हसू आलं होतं, ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

"त्या सगळ्या लेखी तक्रार करा म्हणतायत," मी म्हटलं. "मला करावी लागेल. केली तर काय होईल?"

"भाडं तो कमी करणार नाही. मला काढेल. मेलबर्नची मोठी कंपनी केव्हाची टपून बसलीय. हे मशीन गेलं की या बाजूला यायचं मला काही कारण उरत नाही."

मी त्याच्याकडे वळले. "मग... नको करू?"

वायपर एकदा गेला, परत आला. "मी बेरिलला पाहिलं," तो म्हणाला. "त्या दिवशी, गाडीत बसलेली. भाव मी लावलेत, नरेल. कुणीही सांगितलं असलं तरी लावलेत मीच. तू तक्रार कर."

इतका चांगला माणूस असू नये कुणी. मला रागच आला.

"तू मला जरा तरी अडव ना," मी म्हटलं.

"अडवलं तर थांबशील?"

"नाही."

"मग?"

"तरी अडव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग काचेकडे बघत, हळूच म्हणाला, "मशीन भरायला आठवड्यातून एकदा आलं तरी पुरतं. शुक्रवारी मी उगाच येतो."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात तीनचा भोंगा झाला, आणि मी दार उघडून पावसात पळाले. भोंगा झाला की आम्ही पळायचोच. अंगातच भिनलं होतं ते.

तक्रार मी लिहिली. भावाबद्दल चार ओळी, आणि भाड्याबद्दल दहा. मशीनवाल्याचा दोष नाही, ऑफिसनं भाडं उतरवावं, असं स्पष्ट लिहिलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बेरिलनं सही करताना विचारलं, "नक्की ना, बाळा?" मी मान डोलावली.

आठ दिवसांनी फळ्यावर नोटीस लागली. कर्मचाऱ्यांची तक्रार रास्त आहे, जुन्या मशीनचं कंत्राट रद्द करण्यात येत आहे, लक्ष वेधल्याबद्दल आभार. भाड्याचा त्यात उल्लेखही नव्हता. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे पाहून थांबवल्या. पुढे मेलबर्नचं झगमगीत मशीन आलं, आणि त्याचे भाव पाहून आम्ही घरून किटली आणली, पाळीपाळीनं केक आणू लागलो, आणि "आज माझ्याकडून गं" परत ऐकू यायला लागलं. ते मशीन पुढे कितीतरी दिवस नुसतंच दिवे लावून उभं होतं. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं, की डर्क शुक्रवारी मशीन न्यायला येणार, आणि मग येणार नाही.

शुक्रवारी हंगाम अगदी ऐन भरात होता. शेतातून मटार निघाला की काही तासांत गोठवावा लागतो, त्यामुळे पट्टा थांबत नसे. पट्ट्याच्या डोक्यावरून एक लाल दोरी गेलेली होती. ती ओढली की सगळं बंद. पण ती ओढायची कुणाचा हात अडकला तरच. मी तिथे लागल्यापासून ती कुणी ओढलेली पाहिली नव्हती.

स्मोकोच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तिथून मला डर्क दिसत होता. त्यानं मशीन ढकलगाडीवर घेतलं, पट्टे आवळले, गाडी मागे कलती केली. मग माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. पट्ट्याचा खडखडाट, कानात बोळे, काही म्हणजे काही ऐकू येईना. त्यानं मान जराशी हलवली आणि गाडी दाराकडे वळवली. माझ्यासमोरून हिरवेगार मटार धावत होते आणि मी त्यातले काळे निवडत होते. हा चालला, आणि मी मटार निवडतेय...

मी लाल दोरी ओढली.

पट्टा कण्हत थांबला. सत्तर बायकांचे हात जागच्या जागी थांबले. मी डर्ककडे बघत, आपलं त्याच्यापुरतं, हळूच म्हटलं, "मशीन ने, पण तू जाऊ नकोस. मला तू आवडतोस, डर्क. शुक्रवारी आवडतोस आणि बाकीच्या दिवशी पण आवडतोस."

निदान मला तरी ते हळूच वाटलं. पण सगळ्या माझ्याकडेच का बघतायत? जिन्यावर ब्रॅमिच का उभा राहिलाय? बेरिलनं शांतपणे माझ्या कानाला हात लावला आणि माझा बोळा काढून माझ्या हातावर ठेवला. तेव्हा मला कळलं. कानात बोळे ठेवून, रोज पट्ट्यावर बोलतो त्या आवाजात, मी त्या चिडीचूप हॉलमध्ये गळा फाडून ओरडले होते. बहुतेक समुद्रावरच्या कोळ्यांनीही ऐकलं असावं.

नळातून थेंब पडत होता, तेवढाच आवाज.

"पट्टा कुणी थांबवला?" ब्रॅमिचनं जिन्यावरून विचारलं.

"काहीतरी अडकलं होतं, साहेब," बेरिल म्हणाली. "सुटलं आता."

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळ्याच हसल्या. डर्क कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता, पण जागचा हलत नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मीच गेले, त्या पांढऱ्या गमबुटांत फताड फताड आवाज करत, सगळ्यांच्या देखत.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"हात सुटला तर हे माझ्या पायावर पडेल," तो दात आवळून म्हणाला. मशीन कलतं होतं आणि त्याचा सगळा भार त्याच्या अंगावर.

"मग ढकल. मी धरते."

"नरेल," मागून ब्रॅमिच, "पट्ट्यावर ये."

"येते. हे तेवढं दारापर्यंत."

आम्ही दोघांनी ते पावसात ओढत नेलं आणि व्हॅनमध्ये चढवलं. त्यानं मागचं दार लावलं. मी धापा टाकत होते, जाळी कपाळावर चिकटली होती, नाकातून पाणी.

"आता बोल," मी म्हटलं. "दोन्ही हात मोकळे आहेत तुझे."

"बोलायला नको आहेत हात," तो म्हणाला, आणि ते दोन्ही गार, ग्रीसचे हात त्यानं माझ्या गालांवर ठेवले. "मला वाटलं, तू मला आज नुसता हात हलवशील."

"मग तू काय केलं असतंस?"

"घरी जाऊन आईच्या गोळ्या खाल्ल्या असत्या. सगळ्या."

मी हसत होते तेवढ्यात त्यानं मला जवळ घेतलं. पावसाला मिठाची चव होती, की त्याच्या ओठांना, कोण जाणे. आत पट्टा सुरू झाला, भोंगा वाजला, माझ्या नावानं कुणीतरी हाकही मारली. मी ऐकलं सगळं, आणि तिथेच उभी राहिले.